ड्यूकच्या डोक्यावरचा कोन आणि चौथऱ्यावरची असई

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या ऐन मध्यात, रॉयल एक्स्चेंज स्क्वेअरमध्ये, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा अश्वारूढ पुतळा आहे. 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा आणि पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला हा सेनापती. कार्लो मारोकेट्टी या शिल्पकाराने घडवलेला हा ब्राँझचा पुतळा 1844 साली इथे बसवला, तेव्हा खुद्द ड्यूक हयात होता. आणि या ड्यूकच्या डोक्यावर, रस्त्याचं काम निघालं की आडवे लावतात तो नारिंगी ट्रॅफिक कोन असतो. कधी एकावर एक दोन असतात, कधी घोड्याच्याही डोक्यावर एक असतो. 1980च्या दशकापासून हे चालू आहे. महापालिका कोन काढते, लोक नवा चढवतात. पहिला कोन कुणी चढवला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मला वाटतं तेच बरं आहे, कारण त्यामुळे तो सगळ्या शहराचा झाला.

इथे नोकरीनिमित्त आलेल्या माझ्यासारख्या माणसाला शहराची ओळख करून देताना लोक किल्ला दाखवत नाहीत, कारण किल्ला एडिंबराला आहे. ते ड्यूकपाशी आणतात. माझ्या ऑफिसातल्या बाईंनी मला पहिल्या आठवड्यातच जेवणाच्या सुट्टीत तिथे नेलं होतं, आणि घरातला लाडका थोरला माणूस दाखवावा तसा तो पुतळा दाखवला होता. या शहरात टी-शर्टांवर, कपांवर, पोस्टकार्डांवर तोच आहे. 2014च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटन सोहळ्यात जगासमोर शहर मांडायची वेळ आली, तेव्हा तिथेही कोन घातलेला ड्यूक होता. एके काळी पालिकेला ज्याची लाज वाटत होती तेच शहराने पाहुण्यांसमोर अभिमानाने ठेवलं.

लाज वाटत होती हे मी उगाच म्हणत नाही. 2013च्या नोव्हेंबरात पालिकेने पुतळ्याच्या डागडुजीचा बेत आखला. खर्च 65,000 पौंड. त्यात चौथरा दुपटीहून उंच करून सहा फुटांवर न्यायचा होता, म्हणजे कुणाला सहजी चढता येणार नाही. कोनामुळे शहराची उदासवाणी प्रतिमा तयार होते, असं कागदोपत्री म्हटलं होतं. एकेक कोन उतरवायला 100 पौंड लागतात आणि वर्षाकाठी 10,000 पौंड यातच जातात, असाही हिशेब पालिकेने दिला होता. बातमी फुटली मात्र, शहर पेटून उठलं. 'कोन राहू द्या' अशी मोहीम फेसबुकवर सुरू झाली, हजारो लोक तिच्यात आले, ऑनलाइन अर्जावर 10,000हून अधिक सह्या झाल्या. पालिकेने बेत लगोलग गुंडाळला.

पालिकेची बाजू अगदीच चुकीची होती असं मला वाटत नाही. पुतळा वारसा यादीतला आहे, वरच्या दर्जाच्या संरक्षणातला. चढणाऱ्यांच्या पायाखाली, हाताखाली त्याची मोडतोड झालेली आहे. ड्यूकच्या बुटाच्या टाचेवरची, घोड्याला टोचायची एक काटी गेली, तलवारीचा तुकडा गेला. आणि माणूस वरून पडला तर खाली दगडी फरशी आहे. मी एकदा शनिवारी रात्री उशिरा तिथून जात होते तेव्हा एका पोराला चढताना पाहिलं. खालून दोघांनी त्याला खांदा दिला. चौथऱ्यावर उभा राहून त्याने आधी घोड्याच्या पोटाशी हात टेकला, मग ड्यूकच्या बुटाला धरून वर सरकला, खोगिरावर एक गुडघा टाकला आणि ड्यूकच्या पाठीला जवळजवळ मिठी मारूनच उभा राहिला. खालून कोन फेकला तो पहिल्या झेलात निसटला. दुसऱ्यांदा त्याने तो एका हातात पकडला, आणि तो क्षणभर अधांतरी असताना माझ्या छातीत धस्स झालं. ब्राँझ पावसाने निसरडं झालेलं होतं. कोन डोक्यावर बसला तेव्हा चौकात थांबलेले दहा-पंधरा जण टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्यात एक आजोबा होते, हातात सामानाची पिशवी, त्यांनीही पिशवी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. पोरगं सुखरूप खाली उतरलं तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला.

त्या आजोबांनी पिशवी खाली ठेवली, हे मला त्या पोराच्या धाडसाइतकंच महत्त्वाचं वाटतं. गंमत म्हणून एखादी गोष्ट एकदा करणं सोपं असतं. चाळीस वर्षं, पिढ्या बदलल्या तरी, ती रोज जपणं याला शहराचं मन लागतं.

ब्रुसेल्समध्येही एक प्रसिद्ध गमतीदार पुतळा आहे, मानेकन पिस, कारंज्यावर उभा राहून लघवी करणारा छोटासा पोरगा. त्याला वर्षभर निरनिराळे पोशाख चढवतात, शेकड्यांनी पोशाख साठले आहेत, त्यांचं संग्रहालय आहे. पण तिथे कुठला पोशाख कधी चढवायचा हे रीतसर ठरतं, बँड लागतो, समारंभ होतो. मुळातच तो कारंज्यावरचा गमतीदार पुतळा. ग्लासगोचा पुतळा संपूर्ण गांभीर्याने, मानवंदना म्हणून उभारलेला. त्यातली गंमत लोकांनी स्वतःच्या हाताने, परवानगी न घेता आणली. म्हणूनच त्या शहराचा स्वभाव कळायला मला हा पुतळा अधिक जवळचा वाटतो.

हा स्वभाव नेमका कुठून आला, हे पुतळ्यामागची इमारत पाहिली की थोडं उमगतं. आज ते आधुनिक कलेचं संग्रहालय आहे, 1996 साली उघडलेलं. पण इमारतीचा गाभा 1778 सालचा, विल्यम कनिंगहॅम नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचा वाडा. अमेरिकेतल्या मळ्यांमध्ये गुलाम माणसांनी पिकवलेली तंबाखू क्लाइड नदीच्या मुखाशी उतरायची आणि ग्लासगोचे व्यापारी गब्बर व्हायचे. लोक त्यांना तंबाखूचे लॉर्ड म्हणायचे. जवळच व्हर्जिनिया स्ट्रीट आहे, जमेका स्ट्रीट आहे. वाड्यात पुढे बँक आली, मग व्यापाऱ्यांचं एक्स्चेंज आलं, त्याच काळात समोरचे ते भव्य खांब उभे राहिले. त्या एक्स्चेंजच्या दारात, व्यापाऱ्यांच्या नजरेसमोर, साम्राज्याच्या सेनापतीला घोड्यावर बसवलं. जहाजबांधणीच्या जोरावर हे शहर स्वतःला साम्राज्याचं दुसरं शहर म्हणवून घेत होतं, पण ती जहाजं बांधणारे हात एकेका खोलीच्या घरांत राहत होते. पहिलं महायुद्ध चालू असताना, 1915 साली, घरमालकांनी भाडी वाढवली तेव्हा मेरी बार्बर आणि तिच्यासोबतच्या बायकांनी भाडं न देण्याचा लढा दिला आणि सरकारला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. त्या मेरी बार्बरचा पुतळा 2018 साली गोव्हन भागात उभा राहिला. ती चौथऱ्यावर एकटी नाही, मागे बायकांची रांग आहे. तिच्या डोक्यावर मी तरी कधी कोन पाहिला नाही.

आणि ड्यूक? मतदानाचा हक्क वाढवणाऱ्या 1832च्या सुधारणांना कडाडून विरोध करणारा माणूस. त्या वेळी लंडनमध्ये लोकांनी त्याच्या घराच्या काचा फोडल्या होत्या. त्याच सुधारणांमुळे ग्लासगोला पार्लमेंटात स्वतःचे दोन खासदार मिळाले. त्याआधी एवढं मोठं शहर आणखी तीन गावांबरोबर मिळून एका खासदारावर भागवत होतं. कोन चढवणाऱ्या पोरांच्या मनात हा इतिहास असतो असं मी म्हणणार नाही. पण वरच्या माणसाकडे मान वर करून पाहायचं, आणि मग त्याला आपल्या पातळीवर आणायचं, ही या शहराची जुनी सवय आहे, आणि ती हाडात मुरलेली आहे.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

सगळे जण वर बघतात. फोटो काढणारे मोबाईल उंच धरतात, कोन चौकटीत मावावा म्हणून मागे सरकतात. मीही बराच काळ तेच केलं. एका दुपारी मैत्रिणीची वाट बघत चौथऱ्याशीच टेकून उभी होते, तेव्हा पाठीमागच्या ब्राँझच्या उठावशिल्पाकडे लक्ष गेलं. काळपट, हिरवट पडलेलं, त्यात माणसं आणि घोडे यांची दाटी. चौथऱ्यावर अशी शिल्पं बसवली आहेत: एकात वॉटर्लू, ड्यूकची शेवटची लढाई. दुसऱ्यांमध्ये लढाईवरून घरी परतलेला शिपाई, शेतीभाती, शांततेचे दिवस. आणि मी जिला टेकून उभी होते ती असई.

असई, म्हणजे आमच्या जालना जिल्ह्यातली असई.

माझं आजोळ भोकरदन तालुक्यात. जुई आणि केळणा या नद्या मला नकाशावरून माहीत नाहीत, पायांना माहीत आहेत. उन्हाळ्यात त्या नद्यांत पाण्यापेक्षा वाळू आणि दगडच जास्त, पोरं आरपार चालत जातात. काळी जमीन, कपाशी, मका, बांधावर बोरीबाभळी. या दोन नद्यांच्या बेचक्यात 23 सप्टेंबर 1803 रोजी लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा 34 वर्षांचा सेनापती आर्थर वेलस्ली. तो तेव्हा ड्यूक नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला होता. असईनंतर नोव्हेंबरात अडगाव आणि डिसेंबरात गाविलगड. आपल्या शाळेच्या पुस्तकात या सगळ्याला मिळून दोन-चार ओळी मिळतात.

त्या दिवशी पुरेशी फौज हाताशी नसताना वेलस्लीने नदी ओलांडायचं ठरवलं. वाटाड्यांनी सांगितलं की इथे नदी पार करायला उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांना, समोरासमोर, पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावं दिसली. समोरासमोरच्या दोन गावांना एकमेकांकडे जायला वाट असणारच, असा त्याने हिशेब केला, आणि उतार सापडला. मला ही गोष्ट वाचताना फार लागली. आमच्या बायका धुणं धुवायला, सोयरिकीला, बाजाराला ज्या उताराने ये-जा करत असतील, त्याच उताराने ती पलटण आली. गावांच्या शेजारपणावरून त्याने लढाई जिंकली.

शिंद्यांच्या तोफखान्याने त्या दिवशी जे काही केलं ते आपण विसरलोय, ते इंग्रजांनी लिहून ठेवलंय. गोलंदाज शेवटपर्यंत तोफा सोडेनात. इंग्रजांचं पायदळ अंगावरून पुढे गेलं तेव्हा तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, आणि पलटण पुढे सरकताच उठून तोफा फिरवून पाठीमागून मारा सुरू केला. तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा गोळीने पडला, दुसऱ्याला भाला लागला. संध्याकाळी इंग्रजांच्या हाती 98 तोफा आल्या, आणि त्यांचे मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून 1,584 माणसं गेली. शिंदे-भोसल्यांकडचे 1,200 मेले असा इंग्रजांचाच अंदाज आहे. आपल्या बाजूने त्यांची मोजदाद कुणी केली नाही. पुढे म्हातारपणी वेलिंग्टनला विचारलं, तुमची सगळ्यात सरस लढाई कुठली? तेव्हा त्याने वॉटर्लू म्हटलं नाही, असई म्हटलं.

आणि आता ग्लासगोची बाजू. असईच्या गावकुसाजवळ सगळ्यात भयंकर मार खाल्लेली पलटण होती 74वी हायलँडर्स. ती 1787 साली हिंदुस्थानातल्या चाकरीसाठी उभी केली होती, आणि उभी केली होती ग्लासगोतच. त्या दिवशी पुढच्या तुकडीचा म्होरक्या ठरलेली दिशा सोडून थेट गावाकडे भरकटला आणि 74वी त्याच्या मागोमाग गेली. गावाच्या तटातून बंदुका आणि बाजूने तोफा. शेवटी उरलेल्या माणसांनी मेलेल्या सोबत्यांचीच आडोशाची भिंत केली. सुमारे 500 माणसांच्या पलटणीत 400च्या घरात मेले किंवा जखमी झाले. अधिकाऱ्यांमध्ये जखम न झालेला एकच जण राहिला, कोठारावरचा. पुढे त्या पलटणीला असईचं मानाचं निशाण मिळालं, त्यावर हत्ती. काही पिढ्यांनी ती जिच्यात विलीन झाली त्या हायलँड लाइट इन्फंट्रीच्या नावापुढे ग्लासगो शहराचं नाव लागलं.

म्हणजे त्या चौथऱ्याच्या उठावशिल्पात माझ्या आजोळचं शिवार आहे आणि ज्या शहरात मी पगार घेते त्या शहरातून गेलेली पोरंही आहेत. गरीब घरची, पोटासाठी भरती झालेली. दोन्हीकडची. वर बसलेला एकच माणूस या सगळ्यातून ड्यूक होऊन निघाला.

त्या दिवशी मी तिथूनच मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामा शेतात होते. आधी पुतळा दाखवला.

"आगं, त्याच्या डोस्क्यावर ते काय हाय?" मामांनी विचारलं.

"मामा, रस्त्यावर आडवे लावतात ना नारिंगी, ते."

"अन सरकार काढीत नाही का?"

"काढतं. लोक परत घालतात. लई वर्षांपासून."

मामा खळखळून हसले. त्यांना अख्खी गोष्ट सांगावी लागली नाही, एका वाक्यात सगळं कळलं. मग मी फोन खाली आणला आणि म्हटलं, "मामा, आता हे बघा. ही आपली असई." त्यांचं हसू थांबलं. त्यांनी मला फोन हळूहळू इकडून तिकडे फिरवायला लावला. "थांब, थांब, तिथंच धर." मग म्हणाले, "यातले आपले कोणते गं?"

मला सांगता येईना. फोनच्या पडद्यावर तर नाहीच, पण जवळ जाऊन, नाक लावून पाहिलं तरी धीर धरून बोट ठेवावं असं काही मला सापडेना. ज्याने हे घडवलं त्याला वेलस्ली दाखवायचा होता.

मामा म्हणाले, "मग बरं केलं त्या पोरायनं." एवढंच बोलले आणि विहिरीवरची मोटर बंद करायला गेले.

मी तेव्हापासून मामांच्या त्या वाक्यावर विचार करते आहे. कोन हा असईचा सूड नाही, आणि तसा वाचला तर त्याचं मोल कमी होईल. ग्लासगोच्या पोरांना असई ठाऊकच नाही. पण साम्राज्याने आपल्यासाठी जो चेहरा उभा केला, तो त्याच साम्राज्याच्या घरात, त्याच्याच माणसांनी गंभीरपणे घ्यायला नकार दिला, ही गोष्ट मला मनापासून दिलासा देते. असई जिंकून जो माणूस इतका उंच चढला, त्याला 74व्या पलटणीच्या गावानेच त्या उंचीचा मान द्यायचं नाकारलं.

आपल्याकडे याला जवळचं काही आहे का, याचाही मी शोध घेतला, आणि उत्तर लांब नव्हतं. नागपूरची मारबत. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत निघते, आणि तिच्यासोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याने ज्याने छळलं त्याची भलीमोठी सोंगं. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, पुढाऱ्यांचे बडगे. "इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असं ओरडत लोक गल्लीबोळांतून जातात आणि शेवटी सगळं जाळून टाकतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही चाल आहे. काळी मारबत मुळात बाकाबाईंच्या रागातून निघाली असं नागपुरात सांगतात. भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून. या बाकाबाई म्हणजे असईला शिंद्यांच्या सोबत असलेल्या रघूजी भोसल्यांच्या राणी. फिरून फिरून तेच युद्ध, तेच इंग्रज. नागपूरकरांनी आपली हसण्याची जागा मारबतीत ठेवली, ती दर वर्षी नव्याने बांधतात, नव्याने जाळतात. मला नागपूर आणि ग्लासगो ही दोन शहरं स्वभावाने सख्खी वाटतात.

पण पुतळ्याशी आपण हसत नाही, आणि त्याचं कारण मला पटतं. आपल्याकडे गावोगाव बाबासाहेबांचा निळ्या कोटातला पुतळा आहे, फुलेदांपत्य आहे, अण्णाभाऊ आहेत, शिवाजी महाराज आहेत. ज्या माणसांना शतकानुशतकं चौकात उभं राहायचीही मुभा नव्हती, त्यांनी वर्गणी काढून आपला माणूस चौकात उभा केला. तो त्यांचा हक्काचा सातबारा आहे. तिथे हात लावणारा हसवत नसतो, दुखवत असतो. ग्लासगोच्या कोनाचं कौतुक सांगताना इथले काही जण मला म्हणाले की तुम्ही लोक पुतळ्यांच्या बाबतीत फार हळवे असता. मी त्यांना मेरी बार्बरकडे बोट दाखवलं. हसणं कुणाकडे वळतंय त्यावर ते अवलंबून आहे. वरच्याकडे वळलं तर शहर मोकळा श्वास घेतं. खालच्याकडे वळलं तर ती मारहाणच असते, फक्त आवाज वेगळा.

कोनाचं कामही काही वर्षांत बदललंय, आणि ते मला आवडतं. 2012च्या ऑलिंपिकच्या वेळी सोनेरी कोन आला. 31 जानेवारी 2020ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं त्या दिवशी ड्यूकच्या डोक्यावर निळ्या रंगाचा, ताऱ्यांचा कोन होता. 2022मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा निळा-पिवळा. म्हणजे शहराला काही बोलायचं असलं की ते ड्यूकच्या डोक्यावरून बोलतं. बँक्सी हा भिंतींवर चित्रं काढणारा, स्वतःची ओळख लपवून ठेवणारा कलाकार. 2023च्या उन्हाळ्यात त्याने याच कलासंग्रहालयात प्रदर्शन भरवलं. चौदा वर्षांत त्याचं असं अधिकृत एकट्याचं प्रदर्शन झालं नव्हतं. ग्लासगोच का, याचं कारण त्याने दारातल्या या कोनवाल्या ड्यूककडे बोट दाखवून सांगितलं. ब्रिटनमधली त्याची सगळ्यात आवडती कलाकृती हीच. त्या उन्हाळ्यात रांगा चौकाला वळसा घालून जायच्या. मीही त्या रांगेत उभी राहिले आणि पुढेमागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला चौथऱ्यावरची असई दाखवत राहिले. एक जण म्हणाला, त्याचं सगळं आयुष्य या शहरात गेलं आणि त्याने खाली कधी पाहिलंच नव्हतं. मग तो वाकून बराच वेळ ते शिल्प बघत होता, आणि 74वी पलटण म्हटल्यावर त्याने मला तिचं नाव फोनवर टाइप करून मागितलं.

मला कोन निघायला नको आहे. चौथराही आहे तेवढाच राहावा. फक्त त्या शिल्पाखाली दोन ओळींची पाटी असावी असं फार वाटतं: असई कुठे आहे, तिथे कोण लढलं, किती मेले. इंग्रजीत आणि मराठीत. त्यासाठी पालिकेला पत्र पाठवलंय. ग्लासगो आपल्या गुलामगिरीच्या आणि साम्राज्याच्या इतिहासाबद्दल अलीकडे उघड बोलायला लागलंय, तेव्हा ही मागणी फार मोठी नाही.

पाटीची वाट बघत बसायचं नाही असंही ठरवलंय. 23 सप्टेंबरला मी संध्याकाळी सहाला फुलं घेऊन त्या शिल्पापाशी जाणार आहे, शिंद्यांच्या गोलंदाजांसाठी आणि 74व्या पलटणीच्या पोरांसाठी. गणपतीला भेटणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना जमेल त्यांनी या. क्वीन स्ट्रीट स्टेशनपासून चालत पाच मिनिटं लागतात. मुलांना आणा, त्यांना वरचा कोनही बघू द्या आणि खालची लढाईही. मामांना मी व्हिडिओ कॉल लावणारच आहे. तोपर्यंत त्या शिल्पात आपले कोणते ते कुणाला ओळखता आलं तर मला आधी सांगा.